सो-ना-का

दिवाळी चार दिवसांवर आली आहे आणि तुम्ही सोलापूरच्या नवी पेठेत आहात. गर्दी अशी की आपल्या मनानं पाऊल टाकता येत नाही, लोंढा नेईल तिकडं जायचं. कपड्यांची दुकानं, आकाशकंदिलांच्या माळा, पणत्यांची हातगाडी, मागून हॉर्न. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच दमात कानावर पडतात. सुक्या मेव्याच्या एका दुकानापाशी तुम्ही कसेबसे टेकता. यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं आहे : बेदाणे, पाव किलो.

"हिरवा देऊ का पिवळा?" दुकानदार विचारतात आणि उत्तराची वाट न बघता दोन दाणे तुमच्या तळहातावर ठेवतात. "खाऊन बघा की ओ. सोनाका आहे. लांब दाणा."

एक दाणा तोंडात टाका. चावू नका, जिभेवर नुसता राहू द्या. आधी चव येत नाही, सुरकुत्या तेवढ्या लागतात. मग साल मऊ पडते आणि आतली गोडी हळूहळू उतरू लागते. याच गोडीचा माग काढत आपल्याला मागं जायचं आहे. मी सोबत आहे. डोळे मिटा.

उघडाल तेव्हा मार्चमधली दुपार असेल. सोलापूरहून बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर नान्नज लागतं, त्याच्या शिवारात तुम्ही उभे आहात. एका बाजूला गवताचा माळ. माळढोकासाठी १९७९ साली इथं अभयारण्य झालं, ते हेच रान. दुसऱ्या बाजूला द्राक्षाचे मंडप. ऊन टोपीतून आत शिरतं आणि वारा भट्टीचं दार उघडल्यासारखा अंगावर येतो. ओठांवरून जीभ फिरवली तर ती ओल दोन क्षणही टिकत नाही. सोलापूरकरांनी या वाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवली आहेत. तुम्हीही ठेवली असतील. आता शेडकडे चला.

लोखंडी अँगलचा सांगाडा, एकावर एक दहा-बारा कप्पे, प्रत्येक कप्प्याला ताणलेली जाळी, वर छप्पर आणि बाजूंनी हिरवी शेडनेट. आत पाऊल टाकलंत की उजेडच हिरवा होतो, विहिरीत बुडी मारून डोळे उघडल्यावर दिसतो तसा. वाऱ्याला मात्र इथं मज्जाव नाही. तो एका बाजूनं शिरतो, कप्प्याकप्प्यातून फिरतो आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातो. वास आहे पिकलेल्या द्राक्षाचा, पण गुऱ्हाळात काहिलीपाशी येतो त्या वासाकडे झुकलेला.

शेडच्या तोंडाशी मोठा टब भरलेला आहे. घरातली थोरली आक्का पदर खोचून तिथं उभी आहे, तिचा मुलगा बागेतून आलेले क्रेट उतरवतो आहे. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल. क्रेट त्यात दोन-तीन मिनिटं बुडवायचा, वर काढून निथळू द्यायचा आणि घड जाळीवर पसरायचे.

"एकावर एक नगा टाकू," आक्का तुम्हाला सांगते. तुमच्या हातात घड कधी आला, कळलंही नाही. "सुटं सुटं ठेवा. वारं खालनं पण लागाय पायजे."

द्राक्षाच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो. वेलीवर असताना तो मण्याचं पाणी राखतो, सुकवायला घेतलं की तोच आडवा येतो. टबातल्या द्रावणानं त्या मेणात डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा पडतात आणि पाणी बाहेर पडायला लागतं. नुसता घड टांगून ठेवला तर सुकायला महिन्याच्या आसपास जातो. बुडवलेला घड बारा-पंधरा दिवसांत तयार होतो. ही युक्ती आजची नाही. तुर्कस्तानात स्मिर्नाच्या बाजूचे शेतकरी लाकडाच्या राखेचं पाणी आणि ऑलिव्हचं तेल एकत्र करून त्यात द्राक्षं बुडवत. ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांनी ती रीत सुधारली आणि ती सांगली-सोलापूरकडे आली ती डिपिंग ऑइलच्या डब्यातून. सावलीत, वाऱ्यावर सुकवायची रीत तर आणखी जुनी. कंदाहारकडे मातीच्या जाड भिंतींना भोकंच भोकं ठेवून किशमिशखाने बांधतात, आत घड टांगतात. ऊन बाहेर राहतं, वारा आत येतो. म्हणूनच दाणा हिरवा राहतो. उघड्यावर उन्हात टाकला तर तो तपकिरी पडतो. पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात.

कॉफी पिकवणाऱ्या घरी कधी गेला असाल तर हे सगळं ओळखीचं वाटेल. चिकमंगळूरच्या डोंगरात, किंवा आपल्या मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफीच्या बागा आहेत तिथं, फळ तोडलं की काम संपत नाही, खरं काम तिथून पुढं. पातळ थर, सारखं हलवत राहणं, आभाळाकडे लक्ष. ज्यांनी पिकवलं त्याच घरानं सुकवायचं, कारण चव बिघडायची असेल तर ती याच चार दिवसांत बिघडते. द्राक्ष विकणारा शेतकरी व्यापाऱ्याच्या गाडीत माल भरून मोकळा होतो. बेदाणा करणारा आणखी पंधरा दिवस जागा असतो.

खालच्या कप्प्यातला, दहाव्या दिवसाचा एक दाणा उचलून दाबून बघा. अजून आत थोडा ओलेपणा आहे. शेकडा पंधराच्या आसपास पाणी उरलं की उतरवायचा. त्याहून जास्त ठेवला तर बुरशी धरेल, कमी झाला तर दाणा चिवट होईल. यंत्र आहे मोजायला, पण आक्का मूठ भरून घेते, आवळते आणि सोडते. दाणे एकमेकांना न चिकटता पसरले की झालं. तिच्या मुठीचा अंदाज आणि यंत्राचा काटा यांत फारसं अंतर पडत नाही, हे मी पाहिलं आहे.

आता हिशेब ऐका, कारण तो मला कायम थक्क करतो. चार किलो द्राक्षं शेडमध्ये जातात तेव्हा एक किलो बेदाणा बाहेर येतो. राहिलेले तीन किलो म्हणजे पाणी. एकरी दहा टन माल धरला तर साडेसात हजार लिटर पाणी या वाऱ्यानं पंधरवड्यात उचलून नेलं. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकर फिरतात, तिथं माणसं विहिरीतून, बोअरमधून, शेततळ्यातून थेंबाथेंबानं वेलीला पाजलेलं पाणी पुन्हा आभाळाला देऊन टाकतात आणि गोडी तेवढी ठेवून घेतात. कोकणात हे जमायचं नाही. ज्या कोरड्या हवेनं इथली ज्वारी कितीदा करपली, तिच्याच जोरावर हा दाणा हिरवा सुकतो.

संध्याकाळ होते. पश्चिमेला एक काळा ढग उभा राहतो आणि शेडमधलं बोलणं थांबतं. मुलगा बाजूचे प्लास्टिकचे पडदे सोडायला धावतो, सून धावते, शाळेतून आलेली पोरगी दप्तर फेकून दोरी धरते. तुम्हीही एक टोक धरा. मार्चमधला पाऊस इथं कुणाला नको असतो. एक सर आत शिरली तर वरचे कप्पे काळे पडतील आणि सौद्याच्या दिवशी काळ्या मालाला कोण विचारतो? दोरी ताणताना हाताला कापत जाते. ढग अर्धा तास तसाच उभा राहतो, मग बार्शीच्या अंगानं निघून जातो. आक्का काही बोलत नाही. चुलीकडे जाते आणि थोड्या वेळानं कडक भाकरी, शेंगाची चटणी घेऊन येते. जेवा. अजून बरंच मागं जायचं आहे.

शेड सोडून बागेत या आणि एका वेलीचं खोड हातात धरा. मनगटाएवढं, सालपटं सुटलेलं. जमिनीलगत एक गाठ हाताला लागेल. तिच्याखालची मुळं डॉगरिज नावाच्या जंगली वेलीची. ती मूळची अमेरिकेतल्या टेक्सासची, खारं पाणी आणि दुष्काळ दोन्ही सोसणारी. गाठीच्या वर कलम केलेला सोनाका. या वरच्या भागाची कूळकथा फार लांबची आहे.

बिनबियांचं द्राक्ष बी टाकून वाढवता येत नाही. मण्यात बी धरू लागतं आणि कोवळेपणीच जिरून जातं. मग वेल पुढं जाते ती काडीनं. छाटलेली काडी मातीत रोवायची किंवा दुसऱ्या मुळांवर बांधायची. काडीतून आलेली वेल म्हणजे मूल नव्हे, तोच देह. मातीतल्या मुळांवर बसलेलं हे जे तुम्ही हातात धरलं आहे, ते शेकडो वर्षांपूर्वी इराण-तुर्कस्तानच्या पट्ट्यात वाढलेल्या एका वेलीचं अंग आहे, हातोहात इथवर आलेलं. सुलताना, किशमिश अशी त्याची जुनी नावं. माणसाला काळातून मागं जायला माझ्यासारख्या लेखकाचं बोट धरावं लागतं. ही वेल मात्र स्वतःच्या अंगानं तिथून इथवर आली आहे.

खोड धरूनच राहा. मंडप विरतो, तारा विरतात. १८७०चं दशक, कॅलिफोर्निया. विल्यम थॉम्पसन नावाचा बागायतदार न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून मागवलेल्या काड्या रोवतो आहे. त्याचं नाव पुढं या द्राक्षाला चिकटणार आहे : थॉमसन सीडलेस. इथं थांबायचं कारण नाही. नाव मिळालं, वेल तीच राहिली.

आणखी मागं. चौदावं शतक, देवगिरीचा किल्ला. महंमद तुघलकाच्या दरबारातला प्रवासी इब्न बतूता इथली द्राक्षं आणि डाळिंबं पाहून लिहून ठेवतो की त्यांना वर्षातून दोनदा फळ येतं. त्याला नवल वाटलं ते बरोबरच होतं. त्याच्या मुलखात वेल हिवाळ्यात पानं झाडून झोपते. दख्खनच्या उबेत ती झोपतच नाही, सारखी फुटत राहते. तिला ताल लावायचा तर कात्री हवी. म्हणून आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात आणि पीक एकदाच घेतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. त्या काडीच्या डोळ्यात, उन्हाळ्याच्या उजेडात, पुढच्या वर्षीचा घड आधीच आकार घेतो, कुणाला न दिसता. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग तोच डोळा फुटतो आणि घड बाहेर येतो. तुम्ही नवी पेठेत आकाशकंदील निवडत होतात तेव्हा इथल्या बागांतून कात्र्या चालू होत्या.

आता पुढं येऊ. १९७२. हे वर्ष सोलापुरात न सांगता ओळखू येतं. रस्त्याच्या कडेला माणसं खडी फोडत बसली आहेत. शेतकरी, कारागीर, बाया, म्हातारे सगळे एका ओळीत. तुमच्याही हातात हातोडी आहे आणि तळव्याला फोड आले आहेत. दुपारी सुकडी वाटली जाते. घरी मिलो आहे, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिची भाकरी थापताना मोडते. शेजारी बसलेला माणूस उठून ज्या विहिरीकडे बोट दाखवतो तिचा तळ दिसतो आहे. गुरं छावणीत गेली आहेत. याच रानातला शेतकरी पुढं एकरी लाखो रुपये खर्चून द्राक्षाच्या मागं लागेल, असं आज कुणी म्हटलं तर तुम्ही हातोडी न थांबवता मान हलवाल. पण थेंब थेंब पाणी मोजायला इथल्या माणसाला त्याच वर्षांनी शिकवलं, असं मला वाटतं. ज्वारीला दिलं ते पाणी पोटासाठी होतं. द्राक्षाला दिलेल्या पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि हिशेब ठेवायची सवय या लोकांना दुष्काळानं लावली.

आणि आता जिथं मला तुम्हाला आणायचंच होतं ती जागा. साल १९८०च्या आसपासचं. पहाट सरून उजाडतं आहे. नान्नज, नानासाहेब काळे यांची थॉमसन सीडलेसची बाग.

थंडी आहे. हिवाळ्यातल्या सकाळी हा मुलूख वेगळाच असतो, गवतावर दव असतं आणि माळावरून तित्तिराचा आवाज येतो. मण्यांत पाणी उतरू लागलं आहे, म्हणजे कडक हिरवा मणी आता मऊ होतो आहे, त्यातून उजेड आरपार दिसायला लागला आहे. तुम्ही मंडपाखाली वाकून चालता. ठिबकचे दिवस अजून यायचे आहेत. पायाखाली पाटाच्या पाण्याची ओल आहे.

नऊ बाय पाच फुटांवर लावलेली बाग असेल तर एकरात ९६८ वेली बसतात. प्रत्येकीवर तीस-चाळीस काड्या धरा. म्हणजे एका एकरात तीसेक हजार काड्या आणि सगळ्या एकाच देहाच्या. सगळ्यांचा घड सारखा, मणी सारखा, गोलसर-लांबट. हजारदा तेच पाहून नजर सुस्तावते. नोकरीला ठेवलेल्या माणसाची तर नक्कीच सुस्तावते, त्यात त्याचा दोष नाही. त्याला ओळ संपवायची असते.

बाग ज्याच्या घरची असते तो रोज सकाळी तिच्यातून फिरतो. भुरी आली का, केवड्याचा रोग दिसतो का, उडद्या किड्यानं पानं खाल्ली का, हे बघत फिरतो. काम नसलं तरी फिरतो. नान्नजच्या या बागेत एक दिवस असा उजाडला की थॉमसनच्या हजारो काड्यांमधली एक वेगळी दिसली. तिच्या घडाचे मणी लांब होते. इतर मणी बोराएवढे, हे बोटाच्या पेरासारखे निमुळते.

थांबा. तुम्हाला दिसला का तो घड? पहिल्या फेरीत तुम्ही त्याच्या पुढून निघून गेलात. परत या. आता वाका, आणि नुसतं बघू नका, शेजारच्या घडाशी ताडून बघा.

असं का होतं? काडीच्या एखाद्या डोळ्यात, तो तयार होत असताना, पेशींच्या आत किंचित बदल होतो. त्या डोळ्यातून फुटलेली काडी बाकीच्या वेलीहून वेगळी निघते. हे कुणी करत नाही, आपोआप घडतं. लाखो डोळ्यांत एखाद्यात. आणि एप्रिलमध्ये कात्री आली, कुणाच्या लक्षात आलं नाही, तर ती काडी बाकीच्या काड्यांबरोबर बांधावर जाऊन पडते आणि जळणाला जाते. किती बागांतून असे किती डोळे बांधावर जळले असतील, या विचारानं माझ्या जिवाला चटका बसतो. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या बोरगावला वसंतराव आर्वे यांनाही थॉमसनच्या बागेतच वेगळी काडी सापडली आणि तास-ए-गणेश ही जात झाली. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही. आपल्याच बागेत रोज चालणारी माणसं.

नान्नजच्या त्या काडीचं नाव पुढं ठेवलं गेलं सोनाका. सो म्हणजे सोलापूर, ना म्हणजे नान्नज, का म्हणजे काळे. जिल्हा, गाव आणि घर तीन अक्षरांत. लोकांना वाटतं सोन्यावरून आलं असेल, आणि रंग पाहून तसं वाटणं साहजिक आहे. नवी पेठेत पुडी बांधून घेणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? स्वतःच्या गावाचं नाव रोज तोंडात टाकतात आणि पुढं चालू लागतात. हे सांगण्यासाठी मी तुम्हाला इतकं चालवलं.

त्या घरात हे बघणं तिथंच संपलं नाही. काळ्या द्राक्षातली शरद सीडलेस ही जातही नानासाहेबांचीच, किशमिश चोर्नी या रशियाकडून आलेल्या वाणातून निवडलेली. पुढच्या पिढीत दत्तात्रय काळे यांनी किंग बेरी पुढं आणली. ते पुढचं आहे. तुम्ही अजून त्या सकाळीच आहात.

ऊन मंडपातून खाली ठिपक्याठिपक्यानं पडू लागलं आहे. या काडीला खूण करायला हवी. खिशातला रुमाल काढा, एक पट्टी फाडा आणि काडीला बांधा. आवळू नका, काडी अजून जाड व्हायची आहे. आता घड पिकेल, उतरेल, एप्रिलची कात्री ही खुणेची काडी सोडून पुढं जाईल, पावसाळा जाईल. तुम्हाला घाई असली तरी वेलीला नाही.

ऑक्टोबर. हवेत तोच ओळखीचा कोरडेपणा परत आला आहे. बाग पानं पिवळी करून उभी आहे, ओळीओळीतून कात्र्यांचा आवाज येतो. कापलेल्या काड्यांचे भारे बांधावर चालले आहेत. तुम्ही तुमची पट्टी शोधत जाता. ऊन-पावसानं तिचा रंग गेला आहे, पण गाठ टिकली आहे. काडी पेन्सिलीएवढी जाड, तपकिरी, टणक झाली आहे. कात्री लावा, वीतभर लांबीचा तुकडा काढा. ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि सावलीत धरा.

तुकड्यावर चार डोळे आहेत. चारही मिटलेले.